उन्हाची वाटणी

सुरतेला जाऊन आले म्हटल्यावर आमच्या कॉलनीतल्या प्रत्येकीने पहिला प्रश्न एकच विचारला, ‘साड्या काय काय आणल्यास?’ एकही आणली नाही म्हटल्यावर माझ्याकडे जरा संशयानेच बघितलं गेलं. काय आणलंस मग? वांग्याचं बी आणि बारडोलीचा गूळ. कोल्हापुरात गूळ घेऊन येणारी बाई शहाणी नव्हे, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं.

माझं माहेर पारोळ्याकडचं. लग्नानंतरचं सगळं आयुष्य मात्र कोल्हापुरात गेलं. माझी मावसबहीण लता सुरतेला नवागामात असते. तिचे यजमान अशोकराव तरुणपणी लूमवर काम करायला म्हणून गेले आणि तिथलेच झाले. आता ते कपड्याच्या गठ्ठ्यांचा टेम्पो चालवतात. वर्षभर लता फोनवर एकच धोशा लावून होती, “शोभाताई, आमचं रान बघायला ये.” नवागामात रान? मी तिची वस्ती पूर्वी पाहिली होती. तिथे दोन घरांच्या मधून छत्री उघडून जाता येत नाही. म्हटलं, बघावं तरी. पोंकाचे, म्हणजे तिकडच्या हुरड्याचे, दिवस संपायच्या आत निघाले.

पर्वत पाटिया

शेअर रिक्षावाल्याला मी नवागाम सांगितलं होतं, पण बाकीच्या बायका पर्वत पाटियाला उतरल्या आणि त्यांच्या रेट्यात मीही उतरले. रिक्षा गेली. मी पिशव्या घेऊन चौकात उभी. चहूकडून टेम्पो, हातगाड्या आणि दुचाकीवर रचलेले कापडाचे डोंगर. एका दुचाकीवर एवढे गठ्ठे होते की चालवणारा दिसतच नव्हता, नुसते दोन पाय दिसत होते.

“मावशी, बाजूला व्हा!” मागून मराठीत आवाज आला. पाठीवर गठ्ठा घेतलेला एक माणूस.

“मी मराठी आहे हे कसं कळलं हो तुम्हाला?”

“आत्ता ‘अगं बाई गं’ म्हणालात की!” तो हसला. तो शिरपूरचा निघाला. गठ्ठा खाली न ठेवता त्याने मला नवागामची दिशा दाखवली, वर बजावलं, “चालत जाऊ नका, बरंच लांब आहे. बहिणीला फोन करा.”

लता स्कूटर घेऊन येईपर्यंत मी एका गाडीशेजारी उभी राहून पोंक खाल्ला. आपल्याकडचा हुरडाच तो, कोवळ्या ज्वारीचा. पण आपण तो शेतात आगटीभोवती बसून तळहातावर चोळून खातो, सोबत लसणाची चटणी. सुरतकर तो रस्त्यावर कागदात घेतात, त्यावर लिंबू-मिऱ्याची शेव आणि साखरेचे दाणे. साखर बघून मी नाक मुरडलं. दुसऱ्या घासाला मुरडायचं राहून गेलं.

नवागाम

लताच्या गल्लीत शिरलं की आधी खटखट ऐकू येते. लूमच्या कारखान्याला इथले लोक ‘खातं’ म्हणतात. ‘भाऊ खात्यावर गेलाय’ म्हणजे कामावर गेलाय. घरात अहिराणी, दारात हिंदी, दुकानात गुजराती आणि पोरांच्या तोंडी या सगळ्याची मिसळ. लताची शेजारीण माझ्याशी बोलताना एका वाक्यात तिन्ही भाषांना हात लावून आली आणि मला सगळं कळलं.

गल्लीच्या टोकाला भिंत, भिंतीत पत्र्याचं फाटक. लताने ते ढकललं आणि मी थांबलेच.

समोर हिरवेगार वाफे. मेथी, पालक, मुळा, मिरची, आणि मधोमध वांगी, आपल्या खानदेशातली, भरताची, हिरवी आणि पोसलेली. एका बाजूला लोखंडी सांगाड्यावर सौर प्लेटा तिरक्या बसवलेल्या, त्यांच्याखाली कोथिंबीर. भिंतीपलीकडे लूम खटखटत होते आणि अलीकडे एक साळुंकी शांतपणे अळ्या टिपत होती.

“इथे काय होतं माहीत आहे का?” लता म्हणाली. “घाण. नुसती घाण. बांधकामाचा मलबा, मेलेली कुत्री, पावसात डासांचं तळं. जागा पालिकेची, मोकळी पडलेली. पोरं आजारी पडायची. शेवटी गल्लीतल्या बायकांनी अर्ज केले, खेटे घातले. काही वर्षं वापरायला मिळाली. मलबा काढताना आमच्या कमरा गेल्या, ताई.”

पहिल्या प्लेटा एका संस्थेने दिल्या. त्यावर गल्ल्यांतले दिवे चालतात. आता दुसरा लॉट आला होता. भिंतीशी पुठ्ठ्याच्या खोक्यांत प्लेटा उभ्या करून ठेवलेल्या होत्या, वर ताडपत्री. ‘कधी बसवणार?’ असं मी विचारलं आणि लताचा चेहरा बदलला.

“ते त्यांना विचार,” ती म्हणाली.

‘ते’ म्हणजे अशोकराव. ते जेवायच्या वेळी आले, माझी चौकशी केली आणि पानावर बसले. लताने शेवभाजी वाढली आणि मला म्हणाली, “ताई, त्यांना विचार, भाकरी आणखी हवी का.”

अशोकराव तिच्यापासून हातभर अंतरावर होते. ते मला म्हणाले, “सांगा, अर्धी चालेल.”

अर्धी भाकरी माझ्यामार्फत गेली. मग हळूहळू सगळा उलगडा झाला.

त्या जागेच्या कडेला पत्र्याची एक खोली आहे, तिथे पाळणाघर चालतं. चालवणारी सुजाता. तिचे आजोबा अकोल्याकडून रेल्वेच्या कामाला आले होते. ती शेजारच्या विहारामागच्या गल्लीत राहते. खात्यावर जाणाऱ्या आणि घरी साड्यांना खडे लावणाऱ्या बायकांची लेकरं ती दिवसभर सांभाळते. पत्र्याखाली उन्हाळ्यात तवा तापावा तशी ती खोली तापते. नव्या प्लेटा तिथल्या पंख्यांसाठी आल्या होत्या. त्यांचा सांगाडा दक्षिणेच्या बाजूला उभा करायचं ठरलं, कारण तीच रिकामी पट्टी होती. आणि त्या पट्टीच्या लगेच उत्तरेला वांग्यांचे वाफे. म्हणजे सावली थेट वांग्यांवर.

“पोरांना हवा नको?” अशोकराव मला म्हणाले.

“पोरांना हवा पाहिजे असं सांग त्यांना,” लता मला म्हणाली. “पण बायकांनी दगड उचलून जी माती केली, तिचं ऊन काढून घ्यायचं, ते विचारलं का कुणाला?”

मी भाकरी चावत राहिले. दोघांचंही बरोबर होतं, हीच तर अडचण.

यशोदामाय

वांग्यांचे वाफे यशोदामायचे. सकाळी गेले तेव्हा त्या वाफ्यात बसून खुरपत होत्या. वय झालेलं, पण पाठ ताठ. गावाकडून येऊन जन्म सुरतेत गेला, तरी भाषा अमळनेरहून कालच आल्यासारखी.

“आठे ये वं बहीण,” त्यांनी मला हाक मारली. ‘आठे’ म्हणजे इथे. कित्येक वर्षांनी तो शब्द कानावर पडला आणि मी चप्पल काढून तशीच वाफ्यात उतरले. त्यांनी एक वांगं तोडून माझ्या हातात दिलं. जड होतं, उन्हाने कोमट.

“सावलीमा वांगं लागत नही,” त्या म्हणाल्या. “पानं येतीन, वांगं नही.”

मग पाळणाघरात गेले. सकाळचीच वेळ, थंडी नुकती सरलेली, तरी पत्र्याखाली कोंदट होतं. लेकरं चटईवर खेळत होती. एक छोटी सुजाताच्या पदराला धरून तिच्या मागे मागे फिरत होती. सुजाता हसतमुख, पण पंख्यांचं विचारल्यावर तिने खाली बसून छोटीला मांडीवर घेतलं.

“मावशी, मला कुणाचं नुकसान नको,” ती म्हणाली. “यशोदामायनेच माझ्या पोरांना पहिली भाजी दिली. पण गेल्या उन्हाळ्यात काय झालं ते मला विसरता येत नाही.”

काय झालं ते तिने सांगितलं नाही. एका लेकराने हाक मारली, ती उठून गेली.

बारडोलीची वाट

वाफ्यांना खत आणायला बारडोलीला जायचं होतं. साखर कारखान्यात रस गाळल्यावर जी काळी मळी उरते, ती कुजली की उत्तम खत होतं. अशोकरावांचा टेम्पो जाणार, खत पारखायला यशोदामाय जाणार, आणि मी उगाच. पुढच्या सीटवर एका कडेला अशोकराव, दुसऱ्या कडेला यशोदामाय आणि मध्ये मी. कालपासून मध्ये बसणं हेच माझ्या नशिबी आलं होतं.

शहर संपलं आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. कारखान्याच्या जवळ आलो तसा तो गोड, उग्र, आंबूस वास आला आणि माझ्या तोंडून निघालं, “आलं कोल्हापूर!” यशोदामाय हसल्या. अशोकरावही हसले. दोघं एकदम हसली म्हणून दोघंही लगेच गंभीर झाली.

यशोदामायने मळी हातात घेऊन दाबली, वास घेतला, एक ढीग नाकारला, दुसरा पसंत केला. टेम्पो भरला. परत निघताना एका गुऱ्हाळावर थांबलो. गरम गूळ पानावर घेऊन आम्ही टेम्पोच्या सावलीत बसलो, आणि तिथे यशोदामाय बोलायला लागल्या. अहिराणीतच बोलल्या. मी सांगते आहे ते माझ्या भाषेत.

नवरा लूमवर, त्या घरी सूत गुंडाळायच्या. गावाकडची जमीन दिरांकडे राहिली. सुरतेत आल्यापासून मिरची-कोथिंबिरीपासून सगळं विकत. कुणी दारात आलं तर हातावर ठेवायला स्वतःचं म्हणून काही नाही. “मना हातनं वांगं मी पह्यलींदाव कोनले तरी दिनं, ते आठे,” त्या म्हणाल्या. स्वतःच्या हातचं वांगं कुणाला तरी पहिल्यांदा दिलं, ते या वाफ्यातलं. मग गुळाचं पान बाजूला ठेवून म्हणाल्या, “पोरेस्ले पंखा नको, आसं मी म्हनस का? पन मना वाफाच का?”

 तेव्हा अशोकरावांनी, सुजाताने जे सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात दुपारी एक लेकरू पत्र्याखाली निपचित पडलं. सुजाता त्याला घेऊन रस्त्यावर धावली. समोर अशोकरावांचा टेम्पो. “तिच्या मांडीवर ते पोर होतं, मी गाडी चालवत होतो. मान टाकलेली, माय. सिग्नलला थांबायचं की नाही, मला कळेना.” पोर वाचलं. सलाईन लागलं, संध्याकाळी दूध प्यायलं. सुजाताच्या पदराला धरून फिरणारी ती छोटी म्हणजे तेच लेकरू. “पण पुन्हा मे महिना येणारच ना,” अशोकराव म्हणाले. “माझ्या डोळ्यांसमोरून ती मान जात नाही.”

यशोदामायला हे ठाऊक होतं, गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण अशोकरावांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. माईने आपल्या पानावरचा उरलेला गूळ त्यांच्या पानावर सरकवला. परत येताना मध्ये बसणं मला तितकंसं अवघड गेलं नाही.

सावली पाहिली तो दिवस

घरी आल्यावर लताने माझ्यामार्फत विचारलं, “सावली नक्की कुठे पडणार, हे कुणी बघितलं आहे का?”

“बघितलं नाही, पण अंदाज आहे,” असं उत्तर माझ्यामार्फत गेलं.

“अंदाज नको. दाखवा म्हणावं.”

“दाखवतो म्हणावं!”

दुसऱ्या दिवशी सकाळीच अशोकरावांनी बांबू आणले. प्लेटा जेवढ्या उंचीवर येणार तेवढ्या उंचीवर आडवे बांबू बांधले. वर ताणायला कापड हवं, तर सुरतेत त्याची काय वाण? मार्केटमधून डाग पडल्याने बाद झालेल्या साड्या आल्या. गुलाबी, जर्द पिवळी, मोरपंखी. मोकळ्या जागेत साड्यांचं छत उभं राहिलं आणि लग्न आहे की काय म्हणून गल्ली जमा झाली.

मग आम्ही दिवसभर सावली पाहिली. ती सरकेल तशी लता चुन्याची फक्की टाकून कड आखायची. सकाळी सावली पश्चिमेला भिंतीवर. तेव्हा अशोकरावांचा चेहरा खुलला. दुपारी ती वळून वांग्यांवर आली आणि बसूनच राहिली.  यशोदामाय पांढऱ्या रेघेच्या आत जाऊन उभ्या राहिल्या.

“उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा सावली सांगाड्याच्या खालीच पडेल,” अशोकराव जरा अजिजीने म्हणाले.

“तवलोंग झाड जगी का?” यशोदामायने विचारलं. तोवर झाड जगेल का?

तेवढ्यात वारा सुटला. पिवळी साडी सुटली, पतंगासारखी भिंतीवरून गेली आणि बाहेर एका स्कूटरवाल्याच्या डोक्यावर जाऊन बसली. तो साडीच्या आतूनच ‘अरे शुं छे आ?’, हे काय आहे, असं ओरडत होता. त्याला सोडवायला आम्ही सगळे फाटकाबाहेर धावलो. हसून हसून बायका रस्त्यावर बसल्या. सुजाताची पोरं टाळ्या वाजवत होती.

परत आत आलो, तर अशोकराव आलेच नव्हते. ते फाटकाशी उभे राहून उत्तरेच्या भिंतीकडे बघत होते. रस्त्याकडच्या मोठ्या फाटकातून येऊन त्यांचा टेम्पो तिथे उभा असतो. आत, फाटकाला कुलूप घालून.

“इथे सांगाडा आला,” ते सावकाश म्हणाले, “तर सावली भिंतीपलीकडे रस्त्यावर जाईल. वाफ्यावर जाणारच नाही.”

सगळे भिंतीकडे बघायला लागले. मला वाटतं, ती जागा सगळ्यांना रोज दिसत होती, पण टेम्पोची म्हणूनच दिसत होती.

“आणि गाडी?” लताने विचारलं. सरळ त्यांना विचारलं. मी मध्ये उभी होते, तरी माझ्याकडे न बघता.

“खांबांमध्ये मावायची नाही. बाहेर लावीन.”

“बाहेर बॅटऱ्या चोरीला जातात.”

“साखळी लावीन. रोज सकाळी बघत जाईन. जाऊ दे ना, लता.”

लताने खाली बघितलं आणि चुन्याचे हात पदराला पुसले. पदर पांढरा झाला, तिच्या लक्षात आलं नाही.

मोजून पाहिलं तर सगळ्या प्लेटा भिंतीशी मावत नव्हत्या. काही उरत होत्या. त्यांचं काय, यावर पुन्हा गलका सुरू झाला. कुणी म्हणालं राहू द्या खोक्यात, कुणी म्हणालं पाळणाघराच्या पत्र्यावर ठेवा. पण पत्र्याला तो भार झेपणारा नव्हता. शेवटी यशोदामाय आपल्या कडेच्या वाफ्याजवळ गेल्या. तिथली वांगी जुनी झाली होती.

“हाई घ्या,” त्या म्हणाल्या. “आठे मी आळू लावसू. आळूले सावली चालस.” मग अशोकरावांकडे बोट करून बजावलं, “बाकी मन्हा वाफास्ना आंगे यानं नही.” बाकीच्या वाफ्यांकडे फिरकायचं नाही.

“नाही येत, माय,” अशोकराव म्हणाले.

सगळंच मनासारखं झालं असं नाही. बाकीच्या वाफ्यांवर सावली नको म्हणून कडेच्या प्लेटा कमी उंचीवर बसवाव्या लागणार होत्या, त्यांच्यावर भिंतीची सावली येणार होती, आणि त्यामुळे पंख्यांसोबत वाफ्यांच्या पाण्याची जी मोटार चालवायची होती तिला वीज पुरणार नव्हती. बायकांना पुढच्या वर्षापर्यंत नळावरून बादल्याच आणाव्या लागणार. हे ऐकून काहींनी तोंडं वाकडी केली. एक बाई म्हणाली, “म्हणजे आमची कंबर तशीच.”  

त्या दिवशी जेवताना लताने भरीत केलं होतं. काड्यांवर भाजलेलं वांगं, कांद्याची पात, शेंगदाणे, वर कच्चं तेल. आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. अशोकरावांनी हात पुढे केला आणि तिने न विचारता अख्खी भाकरी वाढली. माझं मधलं काम सुटलं.

पंखे

माझं परतीचं तिकीट होतं, ते मी पुढे ढकललं. वेल्डर आला, ठिणग्या उडाल्या, खांब उभे राहिले. प्लेटा वर चढवताना गल्लीतली माणसं खात्यावरून सुटून तशीच आली, अंगावर सुताचे बारीक तंतू चिकटलेले. तीच तुसं प्लेटांवरही बसतात, म्हणून त्या पुसायची पाळी बायकांनी आधीच वाटून घेतली. अशोकराव शिडीवर, लता खाली शिडी धरून. ती सारखी ‘बराबर धरा, बराबर’ असं ओरडत होती आणि ते प्रत्येक वेळी ‘हो गं’ म्हणत होते. यशोदामाय त्या बाजूला फिरकल्या नाहीत. त्या आपल्या कडेच्या वाफ्यात अळूचे कंद पुरत होत्या. मीही त्यांच्याशेजारी बसून माती लोटत होते.

टेम्पो बाहेर रस्त्यावर उभा राहिला. पहिल्या दिवशी अशोकराव जेवता जेवता उठून त्याला बघून आले.

माझ्या शेवटच्या दिवशी दुपारी तार जोडून झाली. उन्हं चांगलीच तापली होती. सुजाताने पोरांना चटईवर झोपवलं. झोपेत कुणीच नव्हतं, सगळ्यांचे डोळे वर. बटण दाबलं. पंखा क्षणभर गुरगुरला, पातं हललं, आणि मग फिरायला लागलं. पोरांनी एकच कल्ला केला. पदराला धरून फिरणाऱ्या त्या छोटीचे केस उडाले, तिने ते दोन्ही हातांनी दाबून धरले. अशोकराव दारात उभे होते. ते आत आले नाहीत. थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले, मग पाठ फिरवून अवजारं गोळा करायला लागले.

सुजाता ओठांवर बोट ठेवून एकेकाला थोपटत फिरली. कल्ला ओसरला. एक जांभई, मग दुसरी. हळूहळू आतून पंख्याच्या आवाजाशिवाय काही ऐकू येईना.

बाहेर बायका खुरपत होत्या, नेहमीसारख्या मोठमोठ्याने बोलत. कुणी काही सांगितलं नाही. पण एकीने पाळणाघराच्या दाराकडे बघितलं आणि तिचा आवाज खाली आला. मग दुसरीचा. मग लताचा. यशोदामायचा निरोप घेता घेता मी काही सांगत होते, त्यांनी माझ्या हातावर मातीचा हात ठेवला. मीही हळू बोलायला लागले.